गाठ नही, गोया शे

तेवीस वर्षं झाली, मी धुळ्यात मराठी शिकवते आहे. त्यातली निम्मी वर्षं एका अक्षरामागेच गेली असतील. ळ. आमच्याकडची पोरं घरून येतात तीच मुळी डोया, शाया, आभाय असं बोलत. आमच्या खान्देशी बोलीत ळ नाही, त्याच्या जागी य येतो. मी फळ्यावर मोठा ळ काढायचे आणि एकेकाला उभं करायचे. "डोया नाही, डोळा. जीभ वर टाळूला लाव. म्हण पुन्हा." पोरगं रडकुंडीला यायचं, वर्ग फिदीफिदी हसायचा आणि मला वाटायचं, मी केवढं मोठं काम करते आहे! ज्या घरात मी वाढले त्या घरात आजही कुणाच्या तोंडून ळ निघत नाही. पण मी शिकले, नोकरीला लागले, शहरात घर केलं आणि नाकाने कांदे सोलायला लागले.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. त्यात माझाही नंबर आहे.

माझा मोठा भाऊ नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होता. घर तिथून जवळच्याच गावात. मी त्याला भाऊच म्हणते. तो मला बाई म्हणतो आणि चिडवायचं असलं की मास्तरीण. पाच वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर होतं आणि ते वर्षानुवर्षं कुणी मोजलंच नव्हतं. वहिनीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला, मी माझी एक किडनी दिली. त्याचं कौतुक मला कुणी सांगू नये. भावाला दिली, वाटेवरच्या माणसाला नाही. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि घरी निघताना त्याच्या हातात गोळ्यांची भलीमोठी पिशवी आली.

त्या गोळ्या जन्मभराच्या. परकी किडनी अंगाने झिडकारू नये म्हणून अंगाची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवायची. डॉक्टरांनी कागदावर चित्रं काढून समजावलं. भाऊने वहिनीला ते तीन वाक्यांत समजावलं, "घरना कुत्राले झोपाडी दिधं. पाव्हना खुशाल घरमा ऱ्हाई. पन चोर उना तं भुकी कोन?" पाहुणा म्हणजे माझी किडनी. चोर कोण, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसांना काही कॅन्सर इतरांपेक्षा जास्त होतात. अंगात कुठे ना कुठे एखादी पेशी बिघडतच असते, जागं अंग तिला तिथल्या तिथे संपवतं. झोपवलेल्या अंगाला ते जमतंच असं नाही.

त्याच रुग्णालयात नेमकं यावर संशोधन चालू होतं. किडनी बसवलेल्या माणसांना दर तीन महिन्यांनी फोन करायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं नोंदवायची आणि काही संशय आला तर लगेच बोलावून घ्यायचं. संमतीपत्रावर भाऊने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. मला फार बरं वाटलं होतं. एवढी मोठी माणसं आपल्या माणसावर लक्ष ठेवून असणार, आणखी काय पाहिजे? वर शहाणपणा म्हणून मी भाऊला दटावलं, "फोन आला की नीट बोल हं. आपलं गावठी काढू नकोस. मुंबईचे लोक आहेत, हसतील."

"बरं, मास्तरीण," भाऊ म्हणाला.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. भाऊ पुन्हा कामावर जायला लागला, तोंडाला मास्क लावून लग्नाकार्यालाही जाऊन यायचा. फोन आला की कारखान्याच्या दारात येऊन बोलायचा, घरी असला तर वहिनीसमोर बोलायचा. मी विचारायचे, "काय म्हणाले?" तो म्हणायचा, "बठ्ठं बेस शे." सगळं छान आहे. आमच्याकडे हे उत्तर सगळ्याला चालतं. पाऊस कसा, तब्येत कशी, पोरीचं सासर कसं, बठ्ठं बेस शे. मीही पुढे विचारत बसायचे नाही.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्या लेकी माहेरी जातात, म्हातारी झाली तरी जातात. मीही गेले. ऊन असं की अंगण पायाला चटके देत होतं. उन्हाळ्यात आमच्याकडचा पुरुष डोक्याला आणि मानेला रुमाल गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि भाऊला तर थंडीतही ती सवय. महिनोन्‌महिने कुणाची मान कुणाला दिसत नाही. मी आमरसाचं पातेलं घेऊन ओसरीवर आले तेव्हा भाऊ पहिल्या पाळीवरून येऊन हातपाय धूत होता. त्याने रुमाल सोडला. डाव्या कानाखाली, मानेवर, लिंबाएवढं काहीतरी वर आलेलं होतं.

मी पातेलं तिथेच खाली ठेवलं.

"भाऊ, हे काय आहे?"

"गोया शे."

"ते दिसतंय मला! कधीपासून?"

"सहा-सात महिना व्हयनात."

"सात महिने? आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"कसं नही सांगं?" भाऊलाच राग आला. "मुंबईले सांगं ना. दोनदा सांगं. ती ताई म्हने, त्या ऱ्हातीनच, घाबरू नका. पानी भरपूर पेवा."

मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं शे, ताई. मन्हासमोर सांगं." आणि कोपऱ्यातला तांब्या दाखवला. मुंबईने सांगितलं म्हणून हा माणूस कित्येक महिने मानेवरच्या गोळ्यासाठी तांब्यावर तांबे पाणी पीत होता. मी तिथूनच संशोधनाच्या नंबरवर फोन लावला. फोनवरची बाई फार गोड बोलली. कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, "मॅडम, तक्रारीच्या रकान्यात निरंक आहे. त्यांनी कधीच काही सांगितलेलं नाही. गावाकडचे पेशंट लपवतात हो कधीकधी." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आमरस त्या दिवशी कुणीच खाल्ला नाही.

धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावला गाडी बदलून मुंबई. मानेवरचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला. गोळ्यांनी झोपवलेल्या अंगात उठतो तो कॅन्सर, ज्यावर त्यांचं संशोधन चालू होतं तोच. डॉक्टर चष्मा काढत भाऊला म्हणाले, "काका, इतके महिने लपवलंत का?"

आणि माझा भाऊ, ज्याने दोनदा सांगितलं होतं, खाली मान घालून म्हणाला, "चुकी व्हयनी, साहेब."

मी त्या खोलीत काय काय ओरडले ते सगळं आता आठवत नाही. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली होती, एवढं आठवतं. कॅन्सर निघाला म्हणून मी तितकी ओरडले नसते. त्याने माफी मागितली ना, ते मला सोसलं नाही. ज्याचं घर जळालं त्यालाच 'आग का लावलीस' असं विचारायचं आणि त्याने हात जोडायचे! डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात आहात." म्हटलं, हो आहे. तुम्ही कशाच्या भरात आहात ते दाखवा आता. फोन सुरू होताना तुमची बाई म्हणते ना, हा कॉल रेकॉर्ड होतो आहे म्हणून? मग ऐकवा.

आधी म्हणाले, नियमात बसत नाही. मी पर्समधून संमतीपत्राची प्रत काढली. सहभागी व्यक्तीला स्वतःची माहिती मागता येईल, असं त्यात चौथ्या कलमात छापलेलं होतं. मी मराठीची मास्तरीण आहे, छापलेलं वाचते. चार दिवस मी त्या संशोधनाच्या खोलीबाहेर डबा घेऊन बसले. पाचव्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. डॉक्टर होते, फोन करणारी बाई होती, भाऊ आणि मी. बाई माझ्याकडे बघत नव्हती.

पहिल्या फोनमध्ये मागे मशीनचा आवाज होता, पण बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काका, गाठ-बिठ काही नाही ना?"

थोडा वेळ भाऊ गप्प. मग, "गाठ नही ताई, गोया शे."

"हो, गोळ्या तर आहेतच. त्यांचा काही त्रास?"

"दुखस नही. पन शे."

"त्या राहणारच काका, आयुष्यभर. घाबरू नका. फक्त बंद करायच्या नाहीत."

"बरं."

दुसरा फोन तीन महिन्यांनंतरचा.

"गोया मोठा व्हयना, ताई."

"मोठ्या वाटतात? कंपनी बदलली असेल. भरपूर पाण्याबरोबर घ्या."

"पानी पेऊ?"

"हो हो, भरपूर प्या."

बाईने तोंडावर हात धरला होता. "मला गोळ्याच ऐकू आलं," ती म्हणाली. खरं आहे, तिला तेच ऐकू आलं असणार. आमच्या बोलीत औषधाच्या गोळ्याही गोया आणि अंगावर आलेला गोळाही गोया. गाठ आम्ही दोरीला मारतो, पदराला मारतो. अंगावर येतो तो गोया. म्हणून भाऊने अगदी नेमकं उत्तर दिलं होतं, तुमची गाठ नाही, आमचा गोया आहे. इतकं स्पष्ट तर डॉक्टरही बोलत नाहीत.

"मोठा व्हयना, म्हणतोय तो!" मी म्हटलं. "मोठा! एकवचन, पुल्लिंग. गोळ्या कधीपासून पुल्लिंगी झाल्या हो? आणि गाठ-बिठ नाही ना, हा काय प्रश्न झाला? उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, त्याने फक्त मान डोलवायची." डॉक्टर म्हणाले, मागे मशीनचा आवाज होता. अहो, फिटर आहे तो, मशीनच्या आवाजात नाही तर काय देवळात उभा राहणार? खान्देशातल्या माणसांवर संशोधन करायचं आणि खान्देशात कसं बोलतात ते एकाही कागदावर नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी दरीत पडली की म्हणायचं तिनेच सांगितलं नाही.

हे सगळं मी बोलले आणि त्यातला शब्द न्‌ शब्द मला आजही मान्य आहे. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये मला एक गोष्ट ऐकू आली होती जी बाकी कुणाला ऐकू आली नाही. उत्तर देण्याआधी भाऊ गप्प होतो ना, तो विचार करत नव्हता. बारीक ऐकलं तर तो आधी "गो" म्हणतो आणि थांबतो. तो ळ शोधत होता. नीट बोल, हसतील, असं मी सांगितलं होतं ना! त्याला ते जमलं नाही, मग त्याने लाजून, आवाज खाली करून गोया म्हटलं. आपलेच दात आपलेच ओठ. त्या खोलीत मी सगळ्यांवर ओरडले, हे मात्र बोलले नाही.

उपचार काय, तर आधी त्या गोळ्याच कमी करायच्या. झोपवलेली प्रतिकारशक्ती जागी होऊ द्यायची, म्हणजे ती कॅन्सरशी लढेल. सोबत इंजेक्शनं. पण जागी झालेली प्रतिकारशक्ती किडनीलाही सोडेलच असं नाही. कुत्रा जागा झाला की त्याला चोर काय आणि पाहुणा काय. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा भाऊने जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हनजे गोया कमी करशात तं गोया कमी व्हई?"

मला हसू फुटलं, भाऊही हसायला लागला. आम्ही दोघं त्या ओपीडीत वेड्यासारखे हसत होतो आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. मग भाऊ गंभीर झाला. "बाईले इचारा, साहेब. तिन्ही वस्तू शे." तिची वस्तू, म्हणजे माझी किडनी.

"कमी करा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गोळा उतरला. इंजेक्शनांच्या तिसऱ्या फेरीनंतर मानेवर हात फिरवला तरी लागत नव्हता. आणि पावसाळा सरता सरता भाऊच्या अंगातली माझी किडनी गेली. मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्या फोनलाच कळलं असतं तर? ते म्हणाले, "लवकर कळलं असतं तर कदाचित गोळ्या इतक्या कमी..." आणि कागद चाळायला लागले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. किडनी गेल्याचं कळलं त्या दिवशी भाऊ मला म्हणाला, "तुन्ही वस्तू मी जपी शकनू नही, बाई." मी त्याच्यावरही ओरडले. परत असं बोललास तर तोंड बघणार नाही म्हणाले. तो त्याच्या हाताची नखं बघत बसला.

फाइलमध्ये अजूनही लिहिलेलं आहे, 'रुग्णाने तक्रार उशिरा सांगितली.' मी दोन अर्ज केले. पहिल्या फोनमध्येच सांगितली, रेकॉर्डिंग तुमच्याकडेच आहे, वाक्य बदला. उत्तर आलं की त्या वर्षाच्या नोंदी आता बंद झाल्या आहेत, बदल करता येणार नाही, आपल्या भावनांचा आदर आहे. आदर आहे म्हणे! डोंबल तुमचा आदर. उद्या ते संशोधन छापून येईल आणि कुणीतरी वाचून मान डोलवेल, की ग्रामीण रुग्ण लक्षणं लपवतात. त्या ओळीत माझा भाऊ असेल. त्याने दोनदा सांगितलं होतं हे कुणालाच कळणार नाही.

किडनी गेली तरी त्यांचे फोन चालूच आहेत, कॅन्सर परत येतो का ते बघायला. एक मात्र केलं त्यांनी. प्रश्न बदलला. आता विचारतात, अंगावर कुठे गाठ, गोळा, सूज, फुगवटा आहे का, कुठे आहे, केवढा आहे. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

आणि मी? वर्गात ळ शिकवते, शिकवणारच, परीक्षेत लिहायला लागतो. पण डोया म्हटलं म्हणून आता कुणाला उभं करत नाही. दोन्ही येऊ देत की पोरांना.

भाऊचं डायलिसिस धुळ्यात असतं, आठवड्यातून तीनदा. ये-जा सोसत नाही म्हणून बहुतेक दिवस तो माझ्याकडेच राहतो. नोकरी सुटली. सकाळी मागच्या दारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. परवा शाळेला सुट्टी होती, मी चहा घेऊन गेले तर त्याच्या हातात पेपर नव्हता. माझ्याकडे पाठ होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं. मला वाटलं जप करतो आहे. याने कधी जप केला?

"गो-ला," तो म्हणत होता. "गो-डा. गोल्‌-या."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. जीभ टाळूला लावत होता, बोटाने आत चाचपून पाहत होता. मी दिसल्यावर पोरासारखा ओशाळला.

"मास्तरीण," तो म्हणाला, "जीभ कठे लावानी?"

"हे काय चालवलंयस सकाळी सकाळी?"

"आज मुंबईना फोन शे."

"मग? गोळा तर गेला ना तुझा?"

त्याने माझ्या हातातला चहा घेऊन खाली ठेवला, माझा हात धरला आणि सदऱ्याच्या आतून डाव्या काखेत नेला. बोटाला लागलं. हरभऱ्याएवढं, टणक.

"कधीपासून?"

"परवापासून. तुले सांगाव व्हतू, पन तू घाबरशी." मग त्याने समजूत काढावी तसं सांगितलं, "या टायमाले नीट सांगसू. शिकी घेस."

तिथेच माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही. त्याच्यावर कशी चिडू? त्याला मरण दिसत होतं आणि तो ळ शिकत बसला होता, कारण या जगात कुणी आपलं ऐकावं असं वाटत असेल तर ते आलंच पाहिजे. हे त्याला कुणी शिकवलं होतं? मी शिकवलं होतं.

साडेदहाला फोन वाजला. तीच बाई, तोच गोड आवाज, नवा प्रश्न. "काका, अंगावर कुठे गाठ, गोळा, सूज?" भाऊची जीभ वर जाताना मला दिसली. "गो," तो म्हणाला आणि थांबला.

मी फोन हातातून घेतला.

"ताई, मी त्यांची बहीण. पेन आहे हाताशी? घ्या. मी सांगते तसं लिहा. डाव्या काखेत, हरभऱ्याएवढा, परवापासून. आता पुढचा शब्द. गला काना मात्रा, गो. यला काना, या. गोया. पुल्लिंगी, एकवचनी. कंसात काही लिहायचं नाही, सुधारायचं नाही. लिहिलंत? आता वाचून दाखवा. मोठ्याने."

तिकडे कागद सळसळला. तिने वाचलं, "डाव्या काखेत गोया. हरभऱ्याएवढा." आणि लगेच म्हणाली, "मॅडम, त्यांना उद्याच घेऊन या."

भाऊने फोनच्या जवळ तोंड नेलं.

"हा ताई," तो म्हणाला, "तोच शे."